अकरावा गडी : पॉल रॉबसन
(द्वितीय वर्ष, बी. ए.)

पॉल रॉबसन हे नाव आपल्याकडे परिचित आहे ते गायक म्हणून. मिसिसिपी नदीवरचे त्याचे गाणे, खर्जातला तो धीरगंभीर आवाज, रंगभूमीवरचा ऑथेल्लो आणि काळ्या लोकांच्या हक्कांसाठी त्याने दिलेला लढा यांविषयी आपण थोडेफार वाचलेले असते. आसामचे भूपेन हजारिका कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना त्यांच्यावर रॉबसनच्या गाण्याचा प्रभाव पडला आणि नदीला जाब विचारणारे त्यांचे प्रसिद्ध गीत त्यातूनच जन्मले, हेही अनेकांना ठाऊक असते. परंतु हा माणूस गायक होण्यापूर्वी महाविद्यालयीन खेळाडू होता. अमेरिकन फुटबॉलमधल्या बचावाच्या फळीतला तो आपल्या काळातला अग्रगण्य गडी होता आणि त्याच्या त्या चार वर्षांतच पुढच्या साऱ्या आयुष्याची बीजे पडली, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. प्रस्तुत लेखात या खेळाडू रॉबसनची ओळख करून देण्याचा प्रयत्न आहे.

प्रथम खेळाविषयी दोन शब्द. अमेरिकन फुटबॉल हा आपण खेळतो तो फुटबॉल नव्हे. चेंडू लंबगोल असतो आणि तो हातात घेऊन धावायचे असते. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा गडी. ज्यांच्याकडे चेंडू असेल त्यांनी चार प्रयत्नांत निदान दहा यार्ड पुढे सरकायचे. सरकता आले नाही तर चेंडू दुसऱ्या पक्षाकडे जातो. बचाव करणाऱ्यांचे काम एकच, चेंडूवाल्याला पकडून जमिनीवर पाडायचे. आपल्या कबड्डीत कोपऱ्यावरच्या गड्याला जे महत्त्व असते तेच या खेळात फळीच्या टोकावर उभ्या असलेल्या गड्याला असते. त्याला तिकडे एंड म्हणतात. प्रतिस्पर्धी बाहेरून वळसा घालून निसटू पाहतो, त्याला आत गर्दीकडे ढकलायचे किंवा तिथेच लोळवायचे. हा गडी चुकला तर मागे मैदान मोकळे. आजच्याप्रमाणे चढाईचा संच वेगळा आणि बचावाचा वेगळा अशी चैन त्या काळी नव्हती. तेच अकरा जण दोन्ही कामे करीत. डोक्याला कातड्याची टोपी आणि अंगावर थोडेबहुत पॅड, एवढेच संरक्षण. १९०५ च्या एकाच हंगामात या खेळात अठरा जण दगावल्याचे वृत्तपत्रांनी नोंदवले आणि त्यानंतर नियम बदलावे लागले. अशा खेळात उतरण्यासाठी ताकद तर हवीच, पण डोके शांत ठेवण्याची सवयही हवी.

ही सवय रॉबसनला घरातून लागली होती. त्याचे वडील विल्यम ड्रू रॉबसन हे नॉर्थ कॅरोलायनामध्ये गुलाम म्हणून जन्मले. वयाच्या पंधराव्या वर्षी ते मळ्यातून पळाले, उत्तरेत आले, पडेल ते काम करीत शिकले, लिंकन विद्यापीठाचे पदवीधर झाले आणि ख्रिस्ती धर्मोपदेशक बनले. न्यू जर्सी राज्यातील प्रिन्स्टन या गावी ९ एप्रिल १८९८ रोजी पॉलचा जन्म झाला. हा सर्वांत धाकटा. प्रिन्स्टन म्हणजे मोठ्या विद्यापीठाचे गाव. परंतु त्या विद्यापीठाचे दार काळ्या विद्यार्थ्यांना बंद होते. १९०१ साली वडिलांना चर्चमधील जागा सोडावी लागली. ज्या गावात वीस वर्षे त्यांनी प्रवचने दिली त्याच गावात ते घोडागाडीतून राख वाहून नेऊ लागले. १९०४ साली चुलीतला निखारा कपड्यावर पडून आई भाजली आणि गेली. पॉल तेव्हा सहा वर्षांचाही नव्हता. एवढे होऊनही वडिलांच्या तोंडून रडगाणे निघाले नाही. मुलाने पैकीच्या पैकी गुण मिळवले नाहीत तर ते का मिळाले नाहीत, एवढेच ते विचारीत.

पुढे हे कुटुंब समरव्हिल येथे आले. तेथल्या शाळेत पॉल शिकत असताना रट्गर्स महाविद्यालयाच्या शिष्यवृत्तीसाठी राज्यभर स्पर्धा-परीक्षा होत असल्याचे त्याला उशिरा कळले. इतर मुलांनी परीक्षेचा पहिला भाग आदल्या वर्षीच दिला होता. पॉलने चारही वर्षांचा अभ्यासक्रम एकाच बैठकीत, तेवढ्याच वेळात सोडवला आणि शिष्यवृत्ती मिळवली. १९१५ च्या शरद ऋतूत तो न्यू ब्रन्सविक येथील रट्गर्समध्ये दाखल झाला. तेथे तेव्हा सुमारे पाचशे विद्यार्थी होते आणि त्यांत काळा असा हा एकटाच. या महाविद्यालयाच्या सबंध इतिहासातील तो केवळ तिसरा काळा विद्यार्थी होता.

रट्गर्सला फुटबॉलचा मोठा अभिमान होता. अमेरिकेतला पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना रट्गर्स आणि प्रिन्स्टन यांच्यातच ६ नोव्हेंबर १८६९ रोजी खेळला गेला, असे मानतात. येल विद्यापीठाचा जुना खेळाडू जॉर्ज फॉस्टर सॅनफर्ड हा तेथे प्रशिक्षक होता. संघात काळा खेळाडू तोवर कधी आला नव्हता. सतरा वर्षांचा, सहा फुटांहून उंच असा हा मुलगा निवड-चाचणीसाठी मैदानात उतरला तेव्हा संघातल्या गोऱ्या खेळाडूंनी त्याला बाहेर काढण्याचा जणू निश्चयच केला होता. पहिल्याच सरावात त्याचे नाक फोडले गेले, खांदा निखळला आणि सारे अंग ठेचले गेले. दहा दिवस तो अंथरुणावर होता. शाळेत नाव काढलेला हा गडी खेळ सोडून द्यावा की काय, अशा विचारात पडला. तेव्हा मोठ्या भावाने येऊन त्याला एवढेच सांगितले की सोडायचे असेल तर खुशाल सोड. पण आपल्या घरात माघार घेणारा कोणी निघाला, हे वडिलांना आवडणार नाही.

तो पुन्हा मैदानात गेला. त्या दिवशी एका खेळाडूला पाडून तो जमिनीवर असताना दुसऱ्याने खिळ्यांच्या बुटाने त्याच्या पंजावर जोराने पाय दिला. बोटांची नखे निघाली. पुढच्याच डावात चेंडू घेतलेला गडी त्याच्या बाजूने आला. रॉबसनने वाटेतल्या सर्वांना बाजूला सारले, त्या गड्याला दोन्ही हातांनी डोक्यावर उचलले आणि आता तो त्याला खाली आपटणार, एवढ्यात सॅनफर्डने मोठ्याने ओरडून त्याची संघात निवड झाल्याचे जाहीर केले. हा प्रसंग रॉबसनने पुढे स्वतःच सांगितला आहे. त्या क्षणी आपल्या हातून काय घडले असते याची त्याला पुढेही धास्ती वाटे. आपण रागावर ताबा ठेवलाच पाहिजे, कारण आपण एकट्यासाठी खेळत नाही, ज्यांना या मैदानात पाऊल ठेवता येत नाही त्या सर्वांसाठी खेळतो आहोत, ही वडिलांची शिकवण त्याने मनात पक्की धरली. एकाच्या गैरवर्तनाचे खापर साऱ्या जमातीवर फोडले जाते, हे आपल्याकडच्या वाचकाला वेगळे समजावून सांगायला नको.

संघात निवड झाली, संघसोबत्यांशी पुढे मैत्रीही झाली. पण संघात असणे आणि संघाचा असणे यांत अंतर होते. १९१६ च्या ऑक्टोबरात रट्गर्सच्या स्थापनेला दीडशे वर्षे झाल्याचा मोठा उत्सव होता. त्यानिमित्त व्हर्जिनियातील वॉशिंग्टन अँड ली या महाविद्यालयाशी सामना ठेवला होता. काळ्या खेळाडूबरोबर आम्ही एका मैदानात उतरणार नाही, असा निरोप त्या पाहुण्या संघाने दिला. महाविद्यालयाने तो मानला. दीडशे वर्षांच्या ज्ञानपरंपरेचा गौरव होत असताना त्याच महाविद्यालयाचा एक उत्तम विद्यार्थी केवळ कातडीच्या रंगामुळे मैदानाबाहेर राहिला. सामना तेरा-तेरा असा बरोबरीत सुटला.

हा प्रसंग महत्त्वाचा आहे. येथे कोणी रॉबसनला मारले नाही, शिवी दिली नाही. ज्यांनी त्याला शिष्यवृत्ती दिली, ज्यांनी त्याच्या पकडींना टाळ्या वाजवल्या त्याच भल्या माणसांनी उत्सवाचा विरस नको म्हणून त्याला बाहेर ठेवले. त्याच हंगामात वेस्ट व्हर्जिनियाच्या संघानेही अशीच कुरबूर केली. पण या वेळी सॅनफर्डने साफ नकार दिला. रॉबसन खेळला, आणि तो सामना शून्य-शून्य असा सुटला. म्हणजे नकार देणे शक्य होते. पहिल्या वेळी तो दिला गेला नाही, एवढेच.

त्यानंतरची दोन वर्षे हा रॉबसनचा सुवर्णकाळ होय. चढाईत तो चेंडू झेलण्यात वाकबगार होताच. परंतु त्याचे खरे तेज दिसे ते बचावात. सॅनफर्डने त्याला नुसते टोकावर बांधून ठेवले नाही. प्रतिस्पर्ध्याचा डाव कोणत्या बाजूला वळतो आहे हे ओळखून त्या बाजूला सरकण्याची मोकळीक त्याला दिली. अंगाने एवढा थोराड गडी इतक्या चपळाईने हलतो, याचेच लोकांना नवल वाटे. १९१७ मध्ये रट्गर्सने नऊपैकी सात सामने जिंकले, एक बरोबरीत सोडवला आणि एकच गमावला. फोर्डॅमचा अठ्ठावीस-शून्य असा पराभव केला. नोव्हेंबरात ब्रुकलिनच्या एबेट्स फील्डवर न्यूपोर्टच्या नौदल राखीव दलाशी सामना झाला. पहिले महायुद्ध चालू असल्याने मोठमोठ्या विद्यापीठांचे नामवंत खेळाडू नौदलात भरती झालेले होते आणि ते सर्व या संघात होते. एका छोट्या महाविद्यालयाच्या पोरांचा येथे निभाव लागणार नाही, असेच सर्वांना वाटत होते. रट्गर्सने हा सामना चौदा-शून्य असा जिंकला. दिवसभर नौदलाच्या संघाला एकही गुण मिळू दिला नाही, त्यात रॉबसनचा वाटा मोठा होता. शिवाय एक टचडाऊन, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेऊन मिळवायचे गुण, त्याच्याच नावावर लागले.

१९१७ आणि १९१८ या दोन्ही वर्षी अखिल-अमेरिकी खेळाडूंत त्याची गणना झाली. अमेरिकन फुटबॉलचा जनक म्हणून ज्याला मान दिला जातो त्या वॉल्टर कॅम्पने १९१८ च्या आपल्या पहिल्या संघात त्याला घेतले आणि बचावाच्या टोकावर खेळणारा याहून चांगला गडी कधी मैदानात उतरला नाही, असा निर्वाळा दिला. देशातल्या सर्व महाविद्यालयांतून निवडलेल्या अकरा जणांत एका गुलामाचा मुलगा होता.

केवळ खेळावर त्याने भागवले नाही. बास्केटबॉल, बेसबॉल आणि मैदानी खेळांतही त्याने महाविद्यालयाचे प्रतिनिधित्व केले. वक्तृत्वात तो वर्षानुवर्षे पहिला येई. १९१८ च्या मे महिन्यात वडील वारले. त्यांना दिलेल्या शब्दाप्रमाणे थोड्याच दिवसांनी तो वक्तृत्व स्पर्धेत उभा राहिला व जिंकला. तिसऱ्याच वर्षी फाय बीटा कापा या विद्वत्मंडळाने त्याला सदस्यत्व दिले. अमेरिकन घटनेच्या चौदाव्या दुरुस्तीवर, म्हणजे कायद्यापुढील समानतेवर, त्याने प्रबंध लिहिला. १९१९ साली पदवीदान समारंभात आपल्या वर्गाच्या वतीने भाषण करण्याचा मान त्याला मिळाला. असे असूनही महाविद्यालयाच्या गायक-मंडळाबरोबर बाहेरगावी गाण्याची मुभा त्याला नव्हती, कारण गाण्यानंतर नाच असे आणि त्यात काळ्या तरुणाला स्थान नव्हते. पुढे ज्याच्या आवाजाने जगाला वेड लावले तो आपल्याच महाविद्यालयाच्या गायकांबरोबर दौऱ्यावर जाऊ शकला नाही!

पुढे कायद्याचे शिक्षण कोलंबियात. त्याचा खर्च भागवण्यासाठी १९२१ मध्ये अ‍ॅक्रन आणि १९२२ मध्ये मिलवॉकी या शहरांच्या व्यावसायिक संघांतून तो खेळला. मिलवॉकीकडून खेळताना जिम थॉर्प या महान आदिवासी खेळाडूच्या संघाविरुद्ध दोन्ही टचडाऊन करून त्याने तेरा-शून्य असा विजय मिळवून दिला. १९२३ साली तो कायद्याचा पदवीधर झाला. परंतु ज्या कचेरीत नोकरी लागली तेथल्या गोऱ्या लेखनिक बाईने काळ्या माणसाने सांगितलेला मजकूर लिहून घेण्यास नकार दिला. त्याने वकिली सोडली व तो रंगभूमीकडे वळला. यूजीन ओनीलची नाटके, १९२५ मध्ये फक्त काळ्या लोकांच्या भक्तिगीतांची मैफल, १९३० मध्ये लंडनला ऑथेल्लो, आणि १९४३ पासून न्यूयॉर्कमध्ये त्याच ऑथेल्लोचे २९६ प्रयोग, असा हा चढता आलेख आहे. तो फुटबॉल सोडून गेल्यानंतर, १९३४ पासून बारा वर्षे, त्या व्यावसायिक स्पर्धेत एकही काळा खेळाडू घेतला गेला नाही. एकासाठी किलकिले झालेले दार त्याच्यामागे पुन्हा लावून घेण्यात आले.

माझ्या मते रॉबसनच्या जीवनातला खरा प्रश्न येथे उभा राहतो. आपण उत्तम खेळलो, उत्तम शिकलो, राग गिळला, तर समाज आपल्याला आणि आपल्यामागून येणाऱ्यांना स्वीकारील, असे रट्गर्समधल्या तरुण रॉबसनला वाटत होते. पदवीदानाच्या भाषणाचा सूरही असाच आशेचा होता. चाळिशीला पोहोचेपर्यंत त्याचे हे मत पालटले. वेल्सच्या खाणकामगारांत तो मिसळला, १९३८ मध्ये यादवी युद्धातल्या स्पेनमध्ये सैनिकांपुढे गायला, त्याच वर्षी लंडनमध्ये पंडित नेहरूंच्या स्वागताच्या सभेत उभा राहिला. एकट्याचा गौरव म्हणजे सर्वांची मुक्ती नव्हे, हे त्याला कळून चुकले होते. तो गप्प राहीनासा झाला.

मग त्याची किंमत वसूल होऊ लागली. १९४९ मध्ये पीकस्किल येथे त्याच्या श्रोत्यांवर दगडफेक झाली. ठिकठिकाणची सभागृहे त्याला नाकारण्यात आली. १९५० मध्ये सरकारने पारपत्र काढून घेतले. ते सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर १९५८ मध्येच परत मिळाले. या काळात जगाने त्याची आठवण ठेवली. १९५८ साली त्याचा साठावा वाढदिवस भारतातही साजरा झाला. त्या समितीचे अध्यक्ष होते मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला. पंडितजींनीही या समारंभाला जाहीर पाठिंबा दिला. अमेरिकन सरकारला हे रुचले नाही, पण समारंभ झाला.

रॉबसनवर टीका करण्यासारखे काही नव्हते, असे नाही. सोव्हिएत रशियाने आपल्याला माणूस म्हणून वागवले या कृतज्ञतेपोटी स्टालिनच्या राजवटीतील अत्याचारांविषयी त्याने जाहीरपणे तोंड उघडले नाही. आपल्या देशातल्या अन्यायाविरुद्ध एवढा निर्भय असलेला माणूस तेथे गप्प राहिला, ही उणीव त्याच्या चाहत्यांनीही मान्य करावी. परंतु त्याच्या मतांसाठी त्याच्या खेळाला शिक्षा देणे हा कोणता न्याय?

कारण घडले ते तसेच. १९५० च्या सुमारास निघालेल्या महाविद्यालयीन फुटबॉलच्या एका मोठ्या संदर्भग्रंथात जुन्या अखिल-अमेरिकी संघांच्या याद्या छापल्या गेल्या. प्रत्येक वर्षाच्या संघात अकरा नावे होती. १९१८ च्या संघात मात्र दहाच! अकरावा गडी गाळून टाकला होता. तेहतीस वर्षांपूर्वी ज्याने नौदलाच्या संघाला रोखून धरले होते, त्याला एका लेखणीच्या फटकाऱ्याने कोणी तरी मैदानाबाहेर बसवले. १९१६ मध्ये एका सामन्यापुरते झाले तेच आता इतिहासात झाले. खेळाडूंच्या गौरवासाठी स्थापन झालेल्या राष्ट्रीय दालनातही त्याच्या हयातीत त्याचे नाव लागले नाही.

आजारपण आणि एकांतवास यांत शेवटची वर्षे घालवून २३ जानेवारी १९७६ रोजी फिलाडेल्फिया येथे रॉबसनचे निधन झाले. १९९५ साली, मृत्यूनंतर एकोणीस वर्षांनी, महाविद्यालयीन फुटबॉलच्या त्या दालनात त्याला स्थान देण्यात आले. २००४ मध्ये त्याचे टपाल तिकीट निघाले. २०१९ मध्ये, त्याच्या पदवीला शंभर वर्षे झाली तेव्हा, रट्गर्सने आपल्या आवारातील एका चौकाला त्याचे नाव दिले.

आपल्यापैकी अनेकजण घराण्यातले पहिलेच महाविद्यालयात आलेले आहोत. एक मुलगा पुढे गेला की घरचे म्हणतात, आता सर्वांचे भले होईल. रॉबसनचे चरित्र ही आशा खोटी ठरवीत नाही, पण तिला अपुरी ठरवते. गुणवत्तेने मैदानात प्रवेश मिळतो. तेथील जागा मात्र सोबत्यांच्या हिमतीवर टिकते. पहिल्या वेळी सॅनफर्ड गप्प बसला, दुसऱ्या वेळी बोलला. दोन्ही वेळा रॉबसन तोच होता, त्याचा खेळही तोच होता. म्हणून या कथेतून केवळ रॉबसनसारखे व्हावे एवढाच बोध घेऊन चालणार नाही. आपल्या संघातला कोणी बाहेर बसवला जात असेल, तर उरलेल्या दहांनी काय करायचे, याचा विचार आपण प्रत्येकाने करायला हवा.